भोंग्याने घर कसं बघितलं

बसस्थानकावर दिवसभर माईकसमोर बसणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? भोंगा म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली, की तो मागे वळून दुसरंच कुणी उभं आहे का ते बघायचा. आवाज मात्र असा होता की विचारू नका. ‘फलाट क्रमांक तीनवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे’ हे तो इतक्या मायेने सांगायचा, की ज्यांना त्या गाडीने जायचं नाही तेसुद्धा पिशवी उचलून उभे राहायचे.

आणि अशा माणसाची मुलगी अडखळत बोलणारी निघाली. नशिबाला थट्टा करायची हुक्की येते ती अशी. लाडाचं नाव मुंगी. तिसरीत शिकायची, डोक्याने तल्लख, पण शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर तिची गाडी रुतायची. घरात त्याचं कुणाला काही नव्हतं. मुंगी बोलायला लागली की आई भाजी निवडत राहायची, बाबा बटण शिवत राहायचे, आणि वाक्य आपल्या वेळेला पोचायचं. खरी पंचाईत घराबाहेर व्हायची.

त्यांच्या पहिल्या बिऱ्हाडाचे शेजारी चांगले होते. चांगले म्हणजे अगदी नको इतके चांगले! मुंगीने ‘म-म-’ केलं की ‘मांजर? मीठ? मामा?’ अशी तिघाचौघांत चढाओढ लागायची. तिचं वाक्य तिच्याआधी तेच संपवायचे आणि वर तिची पाठ थोपटायचे. होता होता मुंगीने बोलणंच सोडून दिलं. मान हलवायची, बोटाने दाखवायची, बस. पुढेपुढे घरातसुद्धा तेच. जवळजवळ वर्षभर त्या घरात पोरीचा आवाज नव्हता. मग त्यांनी गल्ली बदलली. तिथे तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते, त्यांना कशाचीच घाई नव्हती. त्यांच्याजवळ बसून बसून मुंगी पुन्हा बोलती झाली. ते मुकं वर्ष भोंगा विसरला नव्हता.

आणि आता बदली आली. स्थानकावर एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज बसवला गेला. ती बाई वेळेवर आलेल्या गाडीला आणि रद्द झालेल्या गाडीला एकाच सुरात ‘कृपया लक्ष द्या’ म्हणायची. भोंग्याला मोठ्या शहरातल्या स्थानकावर धाडलं. तिथल्या गाड्यांचा पत्ता गाड्यांनाच नसायचा, त्यामुळे तिथे जिवंत माणूस लागायचा.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिची नोकरी सुटेपर्यंत आणि मुंगीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत दोघी मागे राहणार आणि घर भोंग्याने बघून ठेवायचं, असं ठरलं.

“नळ सोडून बघा,” बायकोने बजावलं. “खिडक्या उघडून बघा. संडासाची कडी लावून बघा. आणि गोडगोड बोलून कुणी गंडवलं, तर तिथेच राहा, आम्हाला बोलावू नका.”

“हो गं बाई,” भोंगा म्हणाला. त्याच्या मनात मात्र नळ नव्हता.

शहरात त्याने एक दलाल गाठला. हा गृहस्थ हेल्मेट कधी काढायचा नाही आणि सगळं ‘पाच मिनिटांवर’ आहे म्हणायचा. शाळा पाच मिनिटांवर, दवाखाना पाच मिनिटांवर, स्मशानसुद्धा पाच मिनिटांवर. ती कुठल्या घड्याळातली मिनिटं होती देव जाणे! भोंगा घरावरून नुसती नजर फिरवायचा आणि खाली उतरून दुकानं, टपऱ्या, जिने असं फिरत बसायचा. लोकांशी बोलायचा. इथे राहायला कसं काय? माणसं कशी आहेत? जो तो गोड बोले. एकाने तर बसायला खुर्ची दिली.

सगळ्याच वस्त्या चांगल्या कशा, याचं त्याला आधी नवल वाटलं. मग स्थानकाच्या विश्रांतिगृहात दाढी करताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे गाढवा, तुझ्या आवाजाशी कोण वाईट वागणार? तू बोललास की लोक पिशव्या उचलतात. तुझ्या पोरीशी ते कसे वागतील, हे तुला तुझ्या तोंडाने कसं कळायचं?

दुसऱ्या दिवशी त्याने दलालाला चहाच्या टपरीवर बसवलं आणि तो एकटाच औषधाच्या दुकानात शिरला. मुंगी कशी अडते ते त्याच्या कानात मुरलेलं होतं. श्वास कुठे तुटतो, हनुवटी कशी वर जाते, सगळं.

“मला ख-ख-ख...”

“खाज?” दुकानदार म्हणाला. “खरूज?” आणि खोकल्याच्या गोळ्या मागायला आलेल्या भोंग्यासमोर त्याने खरजेचं मलम आपटलं. “पुढचे कोण?” मागचे दोघे फिदीफिदी हसले. भोंगा मलम घेऊन बाहेर आला. कान तापले होते. ही वस्ती बाद.

दुसरी वस्ती बड्यांची होती. गुळगुळीत फरशा, कुंड्या, फाटकावर पहारेकरी. तिथे एका बाईंना त्याने शाळेची वाट विचारायला घेतली, तर त्यांचे डोळेच भरून आले. “समजलं हं, समजलं,” असं त्या मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलल्या, आणि हाताला धरून त्यांनी त्याला रस्ता ओलांडून दिला. त्याला त्या बाजूला जायचंच नव्हतं. बाई गेल्यावर तो मुकाट्याने परत आला आणि तीही वस्ती बाद झाली.

अशा किती वस्त्या त्याने पालथ्या घातल्या ते त्यालाच ठाऊक. दलालाने तर हात टेकले. “साहेब, तुम्ही घर बघताय की मुलगी?” असंही विचारून झालं.

शेवटी ती गल्ली आली. बघण्यासारखं काही नव्हतं. रंग उडालेल्या इमारती, तारांवर वाळणारे कपडे, कोपऱ्यावर किल्ल्या बनवणाऱ्याचं खोकं आणि एका जिन्याखाली किराणा दुकान. गल्ल्यावर एक जाडजूड मावशी बसली होती.

“द-द-दोन प-प-प...”

मावशीचा हात बरण्यांच्या रांगेपर्यंत गेला आणि एका झाकणावर थांबला. ती काही बोलली नाही. हसली नाही, कळवळली नाही, छताकडेही बघितलं नाही. मागे एक गिऱ्हाईक घसा खाकरायला लागलं, तशी मान न वळवता म्हणाली, “थांबा हो, ते बोलतायत.”

“...पेन्सिली,” भोंगा म्हणाला.

“साध्या की खोडरबरवाल्या?” मावशीने विचारलं आणि पुन्हा थांबली.

भोंग्याने खोडरबरवाल्या घेतल्या. बाहेर येऊन तो किल्लीवाल्याकडे अडखळला, इस्त्रीवाल्याकडे अडखळला. कुणी घाई केली नाही. किल्लीवाल्याने तर स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतः कानस घासत बसला. या गल्लीला कुणी शिकवलं होतं कोण जाणे! भोंगा धावत टपरीवर गेला आणि दलालाला म्हणाला, “इथलं घर दाखवा. दाखवू नका, घेतलंच समजा.”

सामानाचा टेंपो आला त्या दिवशी बायकोने पदर खोचून पहिला नळ सोडला. नळ खोकला, शिंकला आणि करंगळीएवढी धार सांडून गप्प झाला.

“हे घर?” ती म्हणाली. “अहो, या नळाला सर्दी झालीये! आणि स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावायचा? तुम्ही बघितलं तरी काय इथे?”

“वस्ती चांगली आहे,” भोंगा म्हणाला. खरं सांगायची त्याला लाज वाटली.

पण वस्ती चांगली होती हे तिलाही कबूल करावं लागलं. काही दिवसांतच मुंगी एकटी खाली जायला लागली. खोडरबर आणायला गेली की अर्ध्या तासाने यायची आणि मावशीने काय सांगितलं, किल्लीवाल्याकडे किती जुनी कुलपं आहेत, याचं पुराण लावायची. अडत अडत, पण न थांबता. एवढी बोलायची की एकदा आईच म्हणाली, “अगं, जरा श्वास घे!” भोंग्याचा जीव भांड्यात पडला.

पडला, पण भांडं उकळतं होतं. गल्लीच्या लेखी तो अडखळणारा माणूस होता ना! आता अचानक घडाघडा बोलायचं कसं? तो बायकोबरोबर दुकानात जाणं टाळायला लागला. मुंगी शाळेत असतानाच खाली उतरायचा आणि काही आणायचं असलं की पुन्हा तेच ‘स-स-साखर’. स्थानकावर ड्युटीभर अस्खलित बोलायचं आणि गल्लीत शिरताना जीभ बदलायची. लबाडी करायला बुद्धी लागत नाही हो, ती निस्तरायला लागते.

व्हायचं तेच झालं. मावशीने एकदा बायकोला मायेने विचारलं, “तुमच्या यजमानांना लहानपणापासूनच आहे का हो? लेकीनेही तेच उचललं, नाही?”

बायको जिना चढून आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली. भोंग्याने सगळं सांगितलं. मलम, हाताला धरून ओलांडलेला रस्ता, बरणीवर थांबलेला हात. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती खुर्चीवर बसली.

“जुन्या शाळेत तिची नक्कल करणाऱ्या पोरांना झापायला कोण गेलं होतं?” तिने हळूच विचारलं. “तुम्हीच ना? मुंगीला कळलं तर काय सांगाल? आणि लोकांना कळलं तर? बापाचं नाटक होतं, मग लेकीचंही नाटकच म्हणतील. उद्या ती अडली तर कोण थांबेल तिच्यासाठी?”

एवढं भोंग्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरगी पुन्हा मुकी झाली तर ती त्याच्यामुळे होणार होती.

“उद्या मावशीला खरं सांगून टाकतो,” तो म्हणाला. “एकटीला गाठून.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि दुकानात ही गर्दी! भोंगा बराच वेळ कडेला उभा राहिला. “काय देऊ, भाऊ?” मावशीने विचारलं आणि सगळ्या माना वळल्या. सांगायचं होतं एक, पण एवढ्या लोकांसमोर धीर सुटला आणि तोंडातून सवयीने निघालं, “स-स-साबण.”

हनुवटी वर, श्वास तुटलेला. हुबेहूब.

मागे चपलांचा आवाज झाला. तो पिशवी विसरला म्हणून आईने मुंगीला पाठवलं होतं. ती पायरीवर उभी होती. तिने बापाकडे असं बघितलं, की तसं तिने त्या शाळेतल्या पोरांकडेही कधी बघितलं नव्हतं. मग पिशवी तिथेच टाकून ती वर पळाली.

भोंगा मागोमाग धावला. मुंगी मोरीजवळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि बोलायला लागला. एकेका दुकानाचं, एकेका माणसाचं सगळं सांगितलं. बोलता बोलता रडला. तिने वळून बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला. “क-कुणी हसलं?”

“हसले. एकाने खरजेचं मलम दिलं.”

“म-मग?”

“मग काय, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटायचं, तुझं सगळं मला माहीत आहे. मला नुसता आवाज माहीत होता, मुंगे.”

मुंगी फ्रॉकच्या बाहीला नाक पुसून उठली आणि त्याचा हात धरून त्याला ओढायला लागली. जिन्यावरून खाली. भोंग्याची पाचावर धारण बसली. “आत्ता नको, गर्दी आहे,” तो म्हणत राहिला, पण तिने हात सोडला नाही.

गर्दी आणखी वाढलेली होती. मुंगी सगळ्यांच्या मधून गल्ल्यापर्यंत गेली.

“म-म-मावशी, माझे ब-ब-बाबा नीट ब-बोलतात.” हनुवटी वर गेली, श्वास तुटला, पण ती थांबली नाही. “अ-अ-अडखळते ती म-मी. ते म-माझ्यासाठी घ-घर बघत होते. क-कोण थांबतं ते ब-बघत होते.”

खूप वेळ लागला. कुणाच्या तरी दुधाच्या पिशवीतून पायरीवर थेंब गळत होते. कुणी हललं नाही.

मावशीने मुंगीकडे बघितलं, मग भोंग्याकडे. “म्हणजे नाटक होतं होय?” तिच्या आवाजात दुखावलेपण होतं आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. “बोला की मग. बोला आता नीट.”

भोंग्याने तोंड उघडलं. फलाटावरच्या हजार माणसांना गप्प करणारा तो आवाज! त्याला म्हणायचं होतं, मावशी, माफ करा. पण घसा असा दाटून आला होता की ‘म’च्या पुढे काही सरकेना. ओठ मिटले ते मिटलेच. यावेळी खोटं नव्हतं, आणि हे लोकांना कसं पटायचं, म्हणून तो आणखीच घाबरला.

मावशीचा हात सवयीने एका बरणीकडे गेला आणि झाकणावर थांबला.

“अहो, चला की लवकर,” मागून कुणीतरी नवखं गिऱ्हाईक म्हणालं.

मुंगी गर्रकन वळली.

“थ-थ-थांबा हो,” ती म्हणाली. “बाबा बोलतायत.”