आपल्या भाषेत दोन शब्द

आमच्या विद्यापीठाला एकदा निर्वासितांचं स्वागत करायची हुक्की आली. हुक्की म्हणजे वरून परिपत्रक आलं. दोन हजार नऊ साल असावं. लखनौला येऊन मला तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात एक गोष्ट मी पक्की शिकले होते. इथं परिपत्रक आलं की आधी समिती होते, मग समोसे येतात आणि मग विषय निघतो. समितीची अध्यक्ष मला केलं. मीच का, असं विचारलं तर एक सहकारी गोड हसून म्हणाले, "आप भी तो बाहर की हैं." मी सातारची. राग असा आला की बास, पण हातात समोसा होता.

पहिल्या बैठकीत बॅनरचा मजकूर ठरला, हारांचा रंग ठरला, फोटोग्राफर ठरला. मग कुणीतरी विचारलं की निर्वासित कुठं आहेत. एक अफगाण मुलगा होता म्हणे, पण तो आदल्या वर्षीच दिल्लीला गेला होता. इतिहासाच्या सरांनी फाळणीत इकडे आलेल्या आपल्या सासऱ्यांचं नाव सुचवलं. सासरे ऐंशीच्या पुढचे, गुडघ्यांनी हैराण, आणि आमचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी बोलून गेले की माझ्या वर्गात एक आहे. बोलले आणि जीभ चावली.

ती मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती, वनस्पतिशास्त्राला. तिबेटी. आजी-आजोबा डोंगर ओलांडून आलेले, आईवडील इथलेच जन्मलेले. आई दर हिवाळ्यात लखनौला स्वेटरचं दुकान लावायची, म्हणून मुलीनं प्रवेश इथं घेतला. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी नुसती टेबलांमधून फिरत होते. मागून सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कुणीतरी पुटपुटलं, "काही दिसूनच नाही राहिलं, बावा."

मी जागच्या जागी थबकले. त्या प्रयोगशाळेत मराठी ऐकायची मला सवय नव्हती, त्यातून ही अशी. मागं बघते तर गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची ही पोरगी. मी विचारलं, "कुठली गं तू?"

"गोंदियाची जी," ती म्हणाली. "तुमी मराठी हाये का, मॅडम?"

गोंदियाच्या बाजूला जंगलात तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. ही तिथं वाढली, गावच्या मराठी शाळेत शिकली, लेझीम खेळली, बोरं चोरली. माझ्या घरी इंदिरा नगरमध्ये माझा नववीतला मुलगा मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायचा, आणि माझे यजमान बँकेतून आल्यावर "आज सब्जी काय केलीस" म्हणायचे. ही पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला आली आणि तासभर अस्खलित बोलत बसली. मुलगा वैतागून म्हणाला, "दीदी, हिंदी में बोलो ना यार." ती म्हणाली, "काहून?" 'काहून' म्हणजे 'का', हे त्याला मला समजावून सांगावं लागलं.

पण तिची अडचण वेगळीच होती. तिचं नाव अजून विद्यापीठाच्या पटावर चढलं नव्हतं. नोंदणीच्या तीन नंबरच्या खिडकीवर दोन रजिस्टरं होती. एक भारतीयांचं, त्याला निवासाचा दाखला लागायचा. दुसरं परदेशी विद्यार्थ्यांचं, त्याला पासपोर्ट आणि व्हिसा. हिच्याकडे दोन्ही नाही. हिच्याकडे होतं ते सरकारनंच दिलेलं नोंदणीचं एक लहानसं पुस्तक, ज्याच्यावर दर वर्षी पोलिसांकडून शिक्का मारून घ्यायचा. पटावर नाव नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर वर्ष गेलं. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी शेवटची तारीख होती.

त्या खिडकीवर मी सहा वेळा खेटे घातले. तिथले हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणजे लखनवी अदबीचा नमुना. उठून उभे राहायचे, खुर्ची पुसायचे, चहा मागवायचे, माझ्या मुलाच्या अभ्यासाची चौकशी करायचे. मग म्हणायचे, "मैडम, हम तो बिल्कुल तैयार हैं. बस, नियम तैयार नहीं हैं." इतकं गोड बोलायचे की आपल्याला नकार मिळालाय हे मला गेटापाशी रिक्षा ठरवताना कळायचं. साताऱ्यात कसं, एकदाच खेकसतात, आपण एकदाच भांडतो, मोकळे होतो. इथं भांडण कुठून सुरू करावं हेच मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

इकडे समिती जोरात होती. त्याच मुलीला नाच बसवायला सांगितला, "आपके देश का". ती मला म्हणाली, "मले त लेझीमच येते." बॅनर आला, त्यावर समुद्रात हेलकावणारी होडी आणि तिच्यात दाटीवाटीनं बसलेली माणसं. तिनं बराच वेळ बॅनर न्याहाळला. "मॅडम, मी त रेल्वेनं आली," ती म्हणाली. "वेटिंगवर होती, ते खरं हाये." मी हसले, आणि मग माझंच मला कसंतरी झालं. हिचं नाव पटावर नाही आणि आपण हिच्या नावानं हार मागवतोय.

कार्यक्रम शनिवारी होता. म्हणजे हातात सोमवार आणि मंगळवार. सभागृह भरलं, कारण खालच्या वर्गांना हजेरी सक्तीची होती. कुलगुरू, म्हणजे इकडचे कुलपति, आले, प्रमुख पाहुणे आले, दोन वार्ताहर आले. बडे बाबू नारळांचं तबक धरून दाराशी उभे. आईनं दुकानातून धाडलेल्या तिबेटी पोशाखात ती व्यासपीठावर बसली होती, चेहऱ्याला इस्त्री केल्यासारखी. शाल झाली, नारळ झाला, फोटोसाठी शाल पुन्हा एकदा झाली. कुलगुरूंनी भाषणात तिला अकरा वेळा "हमारी मेहमान" म्हटलं. मी मोजत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग ते प्रेमानं म्हणाले, "बेटी, अब अपनी भाषा में दो शब्द कहो. अपनी मातृभाषा में."

ती माईकपाशी गेली. समोरच्या रांगेत तिनं मला शोधलं आणि मराठीत सुरू झाली.

"नमस्कार. तुमी सगळे मले पाहुनी म्हनून राहिले. पाहुनी दोन दिवसाची असते जी. मले दोन वर्षं राहाचं हाये. तीन नंबरच्या खिडकीवर मी इथलीबी नाही न बाहेरचीबी नाही. मंगळवारी माझं नाव नाही चढलं, त मी मायसंगं स्वेटरच्या दुकानात बसीन. त्याच्यात काही वाईट नाही, मायनं तसंच मले शिकवलं. पन मले झाडं शिकाची हायेत. आमच्या जंगलातली अर्धी झाडं मले नावानं माहीत नाही. मॅडम, इथं हे एका तुमालेच समजून राहिलं. मंग आता तुमीच काही तरी करा."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. कुलगुरूंनी डोळे मिटून घेतले होते, ते उघडून म्हणाले, "वाह. इसे कहते हैं हिमालय की गूँज."

हिमालय. गोंदिया-भंडाऱ्याची बोली ती. पण मला हसू फुटलं नाही. एवढ्या माणसांत ती माझ्या एकटीशी बोलली होती, आणि सहा वेळा चहा पिऊन परत आलेली मीच होते. तेवढ्यात कुलगुरू माझ्याकडे वळले. "मैडम, आपकी छात्रा हैं. कुछ भाव तो समझाइए."

मी उठले. माईकपर्यंत आठ-दहा पावलं असतील. तिचं बोलणं जसंच्या तसं सांगावं तर पाहुण्यांसमोर कुलगुरूंची शोभा, मग मंगळवारच काय, पुढचा कुठलाच वार तिच्या कामाचा राहिला नसता. गोडगोड सांगून वेळ मारून न्यावी तर त्या पोरीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? आणि तिथं, माईक हातात घेताना, सतरा वर्षांचं लखनौ माझ्या कामी आलं. इथला माणूस विनंतीला नम्रपणे नाही म्हणू शकतो. आभार मानून टाकले तर मात्र त्याला नाही म्हणता येत नाही.

"यह कह रही हैं," मी हिंदीत सांगितलं, "कि कुलपति जी ने इनके सरकारी पंजीकरण की किताब को ही पासपोर्ट की जगह मान लिया है, और सोमवार को इनका नाम रजिस्टर में चढ़ जाएगा. इसके लिए ये सबकी आजीवन आभारी रहेंगी."

कुलगुरूंनी कुलसचिवांकडे पाहिलं. कुलसचिवांनी दाराकडे, बड्या बाबूंकडे पाहिलं. बड्या बाबूंनी नारळांकडे पाहिलं. वार्ताहर लिहून घेत होते. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, या वेळी आधीपेक्षा मोठ्या, आणि कुलगुरूंनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. "यह तो हमारा फ़र्ज़ था," ते म्हणाले. मी खाली येऊन बसले तेव्हा माझी साडी पाठीला चिकटली होती.

सोमवारी आम्ही दोघी खिडकीवर गेलो. बडे बाबू उठले, खुर्ची पुसली, चहा मागवला. "मैडम, आपने बताया ही नहीं कि साहब से बात हो गई है," ते दुखावल्या आवाजात म्हणाले. मी म्हटलं, विसरलेच. मग त्यांनी एक कोरं रजिस्टर काढलं, पट्टी घेऊन लाल शाईनं रकाने आखले, वर सुंदर अक्षरात "अन्य" लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं. पुढची दोन वर्षं त्या रजिस्टरात ती एकटीच होती. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मॅडम, मी जे म्हटलं तेच सांगितलं ना तुमी?" मी सांगितलं, थोडंफार. ती भर रस्त्यात पोट धरून हसली आणि मग रडलीसुद्धा.

पुढच्या वर्षी पुन्हा परिपत्रक आलं आणि पुन्हा तिचाच सत्कार झाला, कारण विद्यापीठाकडे दुसरं होतं कोण? बॅनरही तोच, होडीचा. एमएस्सी झाली तेव्हा निरोपाचा म्हणून आणखी एक. लखनौच्या उन्हाळ्यात तीन शाली घेऊन ती पोरगी काय करणार होती देव जाणे.

निकाल हातात आल्यावर, निघायच्या दिवशी दुपारी, ती आमच्याकडे आली. आल्या आल्या मला सोफ्यावर बसवलं, यजमानांना आणि मुलाला समोर खुर्च्यांवर. पिशवीतून एक शाल काढून माझ्या अंगावर घातली. नारळ आणायचा राहिला होता, तो माझ्याच स्वयंपाकघरातून उचलून आणला. मी म्हणत होते की अगं, वेडी का तू.

"इतकी वर्षं झाली तुमाले या गावात येऊन," ती म्हणाली. "तुमचा सत्कार कोनी केला का? नाही केला. आता आपल्या भाषेत दोन शब्द बोला."

मी वर्गात तासन्‌तास बोलणारी बाई. तोंड उघडलं आणि म्हणाले, "अरे, इसकी क्या ज़रूरत थी."

मुलगा फिस्सकन हसला. मी दुसरं वाक्य जुळवायला गेले, तेही हिंदीतच येऊ लागलं. शाल हातानं चाचपत राहिले.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग खुर्च्यांकडे वळली आणि व्यासपीठावर उभं राहावं तशी उभी राहून गंभीरपणे म्हणाली, "मॅडम म्हनून राहिल्या का, या दिवाळीले त्या पोराले घेऊन आमच्या घरी येतील, चांगल्या आठ दिवस राहतील, न त्याले झाडं दाखवतील. त्याच्यासाठी मी त्यांची आजन्म आभारी हाये."

यजमानांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळीत माहेरी जायचं म्हणून सातारची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रद्द केली आणि गोंदियाची काढली.