गळ्यातलं कार्ड

बाबांना नोटा ओळखू येईनाशा झाल्या तेव्हा मी त्यांना मशीनला नुसतं टेकवून चालणारं बँकेचं कार्ड दिलं. लहान रकमेला पिन लागत नाही, आणि पिन त्यांच्या लक्षात राहत नव्हता. दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर दुकान आहे. तिथून दूध, ब्रेड, केळी आणायची, एवढी एकच गोष्ट ते एकट्यानं करत. ती त्यांच्या हातून सुटू नये, एवढंच मला हवं होतं.

हरवू नये म्हणून त्यांनी कार्ड ऑफिसच्या जुन्या आयकार्डाच्या पारदर्शक पाकिटात घातलं आणि गळ्यात अडकवलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून अख्खी नोकरी ते असेच बाहेर पडले होते. दुकानदार म्हणायचा, "आइए अंकलजी, ड्यूटी पे?"

बाबा पाकीट मशीनला टेकवायचे. "लग गई हाजिरी."

मला तो विनोद वाटायचा.

धोका मला माहीत होता. बँकेच्या ॲपवर मी पिनशिवायच्या खर्चाची मर्यादा अगदी खाली आणली होती. "बाबा, खिशात ठेवा ते," असंही सांगून पाहिलं.

"खिशातलं आयकार्ड गार्डला कसं दिसणार गं?"

एकदा मीटिंगमध्ये असताना फोनवर पैसे गेल्याचे मेसेज आले, लागोपाठ. दुकानाचं नाव अनोळखी. घरी येऊन विचारलं, "आज कार्ड कुणाला दिलंत?"

"दिलं कुठे? दुकानाजवळच्या मेट्रोच्या गेटपाशी एक जण तपासत होता. मशीन लावून."

"एकदाच?"

"छे, परत परत. मी उभा राहिलो. हल्ली इतकं मन लावून कोण काम करतं?"

गेलेले पैसे किरकोळ होते, पण तो माणूस परत आला असता, नाहीतर दुसरा कुणी. मी तक्रार नोंदवली आणि टेकवून पैसे देण्याची सोय बंद केली. आजही तेच करेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांबरोबर दुकानात गेले. त्यांनी पाकीट टेकवलं, मशीननं पिन मागितला. त्यांनी पाकीट सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच. दुकानदार उगाच केळी सारखी करत राहिला.

"माझं नाव कमी केलं का?" बाबांनी मला हळूच विचारलं.

"नाही हो बाबा. चोरी होते, म्हणून फक्त..."

"मग घेत का नाहीत?"

मी दुकानदाराला म्हटलं, "भैया, लिख लीजिए, मैं दे दूँगी."

"उधारी नको," बाबा म्हणाले. त्यांनी गळ्यातून पाकीट काढलं, पट्टा नीट गुंडाळला आणि ते काउंटरवर ठेवलं. "जमा कर लीजिए."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं, दुधाचे पैसे फोनवरून दिले आणि आम्ही घरी आलो. आता दूध मीच आणते. चला म्हटलं तर बाबा खुर्चीतून उठत नाहीत. "तू जा. मला आत सोडणार नाहीत," म्हणतात.