मोकाहेलेमावशीचं मत

मोकाहेले माझ्या आईची धाकटी बहीण. केवड्याच्या पातींच्या चटया विणण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घाबरण्यातही नव्हतं. लाट जरा मोठ्याने कड्यावर आपटली तरी ती चूल सोडून उठायची.

चौऱ्याहत्तर साली, न्यूझीलंडच्या अमलाखाली असलेल्या आमच्या निउए बेटाने आपला कारभार आपण करावा का, यावर मतदान ठरलं. संविधान लिहून तयार होतं. गावच्या सभागृहात एक साहेब आमच्याच भाषेत ते समजावत होते. मावशीचे यजमान विलितामा मागच्या बाकावरून ओरडले, "आमची पोरगी ऑकलंडला आहे. उद्या न्यूझीलंडवाले म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, मग?"

"नागरिकत्व तसंच राहणार, काका. कायद्यात लिहिलंय."

"लिहिलंय म्हणे! लिहिणारा तू, भोगणारे आम्ही."

सगळे हसले. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाटेत काकांनी बजावलं, "नाही म्हणायचं. कळलं?" तिने मान हलवली. आणि मतदानाच्या दिवशी पडद्याआड जाऊन 'हो'वर खूण करून आली.

निकाल 'हो' लागला. काका आठवडाभर धुसफुसत राहिले आणि मग एकदम आजारीच पडले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "गाठ आहे. इथे कापता येणार नाही. ऑकलंडला न्या."

विमानात जागा मिळाली ती नेमकी स्वराज्याचा सोहळा झाल्यानंतरची. मी अळकुड्या सोलत होते, मावशी माझ्याशेजारी मटकन बसली.

"मीच मारलं गं त्यांना."

"काय बोलतेस?"

"मी 'हो' म्हटलं होतं. आता तिकडे उतरल्यावर म्हणतील, तुम्ही परके, चला माघारी. हे विमानतळावरच जातील."

"पण का केलंस तसं?"

"माझा बाप गोऱ्या साहेबापुढे टोपी हातात धरून उभा राहायचा. स्वतःच्या जमिनीबद्दल बोलायलासुद्धा. खूण करताना तेच डोळ्यांपुढे आलं."

सोहळ्याच्या दिवशी सगळा गाव गाणी म्हणत गेला. ती घरीच राहिली. आणि त्याच दुपारी तिने काकांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता काका हाताला लागेल ते भांडं फेकणार. काका कोपरावर रेटून अर्धे उठले.

"तू? उंदीर दिसला तर खाटेवर चढणारी तू?"

"हो."

"आणि मला अडवलं तर?"

"तर मीही तिथेच बसेन. तुमच्याशेजारी."

"बस. विणायला पाती घेऊन चल, वेळ जाईल," काका म्हणाले.

पुढचं मावशीनेच मला नंतर सांगितलं. ऑकलंडला रांगेत तिची बोबडी वळली होती. काका तिच्या खांद्यावर रेलून कसेबसे उभे. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, काकांकडे पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला. मग हात वर करून त्याने दुसऱ्या माणसाला हाक मारली. तो धावत आत गेला.

"मी यांचा हात घट्ट धरला," मावशी म्हणाली. "देवाला म्हटलं, खूण मी केलीय, यांना सोड."

दुसरा माणूस परत आला तो चाकांची खुर्ची ढकलत.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. लेकीने तिथेच राहा म्हणून गळ घातली, पण मावशी ऐकेना. काका कुरकुरत तिच्यामागोमाग परत आले.

तिची भीती मात्र गेली नाही, भीतीने नुसती जागा बदलली. कुणालाच कुणी अडवत नव्हतं, म्हणून दर विमानाला गावातलं कुणी ना कुणी कायमचं ऑकलंडला निघून जायचं. तिन्हीसांजेला ती ओसरीवर विणत बसायची, समोरच्या घरांकडे डोळा ठेवून. दिवा लागला नाही की मला म्हणायची, "जा गं, बघून ये. बरं नाही वाटतं त्यांना."

एकदा मी पलीकडच्या घरी जाऊन आले. दार लोटलेलं होतं, आत भिंतीशी गुंडाळलेल्या चटया, बाकी काही नाही.

"लवकर झोपलेत," असं मी तिला येऊन सांगितलं.