सात किलोंचा महसीर

गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात वहिनींना नोंद-कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा त्यांनी मासा फक्त चित्रात पाहिला होता. पहिले सहा महिने तात्पुरते, मग कायम. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, त्यामुळे कायम होणं भाग होतं.

क्लबाने माशांच्या ओळखीचं जाडजूड पुस्तक दिलं. वहिनींनी ते पाठ केलं. पहिल्या रविवारी वजनकाट्यावर आलेला एकही मासा त्यांना ओळखता आला नाही. पुस्तकातले सगळे मासे डावीकडे तोंड करून होते, काट्यावरचे उजवीकडे.

मग त्या रोज सकाळी बाजारात मासेवालीपुढे जाऊन उभ्या राहू लागल्या.

"घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं, असं गिऱ्हाईक पहिलंच," मासेवाली म्हणाली. "बस. हा रोहू. हा कटला, निम्मा तर डोकंच."

"आणि महसीर?"

"तो हौशी लोकांचा. माझ्या पाटीत कुठला? मिशा त्याला असतात, तळ्यात पाळतात त्या सायप्रिनस माशालाही असतात. मिशांवर जाऊ नये, माशाच्या काय नि माणसाच्या काय. पाठीवरचा पर बघ. आखूड तो महसीर. निम्म्या पाठीवर पसरला की सायप्रिनस."

वहिनी घरी आल्या की सासूबाई नाक दाबून दार उघडत.

वार्षिक स्पर्धेत अध्यक्षांनी सात किलोंचा मासा काट्यावर ठेवला.

"लिहा, महसीर."

करंडक फक्त महसीरला होता. पर निम्म्या पाठीवर पसरला होता.

"साहेब, हा सायप्रिनस आहे."

"बाई, तुमचं कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे. सही व्हायचीय."

"हो साहेब. पण पर लांब आहे."

वहिनींनी सायप्रिनस लिहिलं. करंडक एका शिंप्याच्या पाऊण किलोच्या महसीरला गेला. शिंपी लाजून अध्यक्षांच्या मागे उभा राहिला, त्यामुळे फोटोत अध्यक्षच आले.

सोमवारी पत्र मिळालं. 'माशांची ओळख अपुरी असल्यामुळे तात्पुरत्या नेमणुकीची मुदत सहा महिन्यांनी वाढवण्यात येत आहे.'

सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.

"काढलं नाही ना?"

"नाही."

"पगार?"

"तोच."

"आणि मासा?"

"सायप्रिनसच होता, आई."

"मग सहा महिने आहेत. तेवढ्यात शिकवून टाक त्यांना," सासूबाई म्हणाल्या आणि पत्र कपाटात ठेवायला घेऊन गेल्या.