मास्तरांचं नपुंसकलिंगी अनेकवचन

एवारिस्तो मास्तरांनी आमच्या गावाला पस्तीस वर्षं लॅटिन शिकवलं आणि गावाने ते परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरून दाखवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला उरले आम्ही दुकानदार. माझं औषधांचं दुकान. मास्तरांना झोप येत नसे, म्हणून गोळ्या न्यायला यायचे आणि सुरू व्हायचे.

"बेटिना, 'इनसोम्निया'! 'सोम्नुस' म्हणजे झोप, आधीचा 'इन' नकाराचा. अनिद्रा! पण हाच शब्द नपुंसकलिंगी अनेकवचनी धर. मग 'इन' म्हणजे आत. झोपेत दिसतात ती स्वप्नं!"

"मास्तर, मागे सात जण उभे आहेत हो."

त्यांच्या वरच्या मजल्यावर एर्मेलिंदाबाई शिवणकाम करायच्या. मास्तर त्यांच्यावर भाळलेत हे बाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी धीर करून मास्तरांनी लग्नाचं विचारलं. कसं? तर कार्डावर एक ओळ लिहून: 'तू इनसोम्निया मेआ.' तू माझी स्वप्नं. खाली सही.

बाई तणतणत माझ्याकडे आल्या. "नन्सच्या शाळेत लॅटिन घोकलंय मी! 'तू माझं जागरण' म्हणे! मशीनचा आवाज होतो, तर तोंडाने सांगायचं ना? झोप आणणारा तो कॅमोमाइलचा चहा दे शंभर ग्रॅम, दाराला टांगते त्याच्या."

दुपारी मास्तर ते पाकीट घेऊन आले. चेहरा पांढराफटक. "नकार आला, बेटिना."

या माणसाची मला दयाही आली आणि संतापही. दुकान बंद करून मीच त्यांना वर नेलं.

"बाई, ते नपुंसकलिंगी..." मास्तरांनी सुरुवात केली.

"कोण नपुंसक?"

"शब्द, शब्द! तुम्ही स्त्रीलिंगी एकवचन वाचलंत. मला स्वप्नं म्हणायचं होतं."

बाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मग झोप लागते का तुम्हाला?"

"छे. दोन वर्षं नाही."

"का?"

"तुम्ही वर चालता. मी ऐकत पडतो."

"म्हणजे मी बरोबरच वाचलं होतं."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या मास्तरांनी मान खाली घातली. "हो. दोन्ही अर्थ बरोबर आहेत."

"मग आता तेच आपल्या भाषेत विचारा."

मास्तरांनी विचारलं, पण इतक्या बारीक आवाजात की दारात उभ्या असलेल्या मलाही काही कळलं नाही. बाईंचा होकार मात्र खाली बेकरीपर्यंत ऐकू गेला.