वरून चेहरा दिसत नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी टाइमबाबूंचं नाव घेतो. परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, सगळे त्यांना याच नावानं ओळखत. ते कधी काही निवडत नसत. भाजीवाल्यापुढे पिशवी धरून म्हणत, "भिया, हाताला येईल ते टाक." किडकी वांगी आली तरी मुकाट्यानं तीच खात.

कारण मला पुढे कळलं. मिल चालू होती तेव्हा ते तिथे टाइमकीपर होते. रोज सकाळी गेटवर बदली कामगार उभे राहत. आत जितके गैरहजर, तितक्यांनाच त्या दिवसापुरतं काम. कोणाला आत सोडायचं ते बाबू बोट दाखवून ठरवत. उरलेले डबा घेऊन घरी परतत. मिल बंद पडली आणि ते काम संपलं, पण वस्तीतली काही माणसं बाबूंना पाहून अजूनही रस्ता बदलत.

मिलच्या ऑफिसात पगाराचं काम करता करता ते कॉम्प्युटर शिकले होते. त्या बळावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. मी सांवेर गावाहून कॉलेजला येणारा, बसच्या क्लीनरचा मुलगा. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. मला त्यांनी फी न घेता बसवलं. शेजारी महेश बसे. त्याचे वडील त्याच मिलमध्ये उभी हयात बदलीच राहिले होते.

आम्ही तिघांनी मिळून एक खेळ बनवला. क्लासमधली मशीन एकमेकांना तारेनं जोडलेली. पडद्यावर वरून पाहिलेली मिल, आणि यंत्रमागांच्या आडून एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. चित्रं महेशची, मशीन एकमेकांशी जोडणारा प्रोग्राम माझा, नियम बाबूंचे. मेलेला खेळाडू गेटबाहेर उभा राही. आत दुसरा कोणी पडला तरच त्याला प्रवेश. खेळायला येणारी पोरं कुरकुरत, "बाबू, ये क्या रूल है, यार?" बाबू म्हणत, खरा तोच आहे. माणसांना तोंडं काढू का, असं महेशनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नको रे. वरून चेहरा दिसत नाही, तेच बरं."

खेळाची बातमी पुण्यातल्या एका कंपनीपर्यंत गेली. एक गृहस्थ आले, दुपारभर खेळले आणि म्हणाले, जागा एकच आहे, दोघांतला कोण ते तुम्हीच सांगा. बाबूंनी चिठ्ठ्या टाकू म्हटलं. गृहस्थ हसले. तुम्ही शिकवलंय, तुम्हाला ठाऊकच असणार, म्हणाले. या वेळी बाबू महेशचं नाव घेतील, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.  बाबूंनी माझ्याकडे बोट केलं.

"याला न्या. चित्रं काढणारा तुम्हाला मिळेल. याचं काम दुसऱ्याला जमायचं नाही."

संध्याकाळी महेशचे वडील आले. उंबरा ओलांडला नाही. "बाबूजी, बाप को बाहर रखा, चलो. बेटे को भी?" एवढं बोलून ते गेले.  त्या आठवड्यातच बाबूंनी क्लास बंद केला.

मी निघालो त्या दिवशी महेश आणि बाबू दोघंही बसस्टँडवर आले होते. माझी पेटी महेशनंच टपावर चढवली. बाबू लांब उभे होते. 

पुढे काही वर्षांनी मी बाबूंना पत्र लिहिलं, ते असं:

"तीर्थरूप बाबूंना साष्टांग नमस्कार. कंपनीनं खेळ बनवणं सोडलं, त्यात माझी नोकरी गेली. महेशलाही तिकडे काही मिळेना, म्हणून त्याला मी इकडे बोलावून घेतलं. माझ्याच खोलीवर असतो. दोघं मिळून अर्ज टाकतो; अजून कुठून बोलावणं नाही. तुमचा विषय निघाला की तो उठून बाहेर जातो. निघताना मी तुम्हाला वाकून नमस्कारही केला नाही, कारण तो समोर उभा होता. आत्ता तो दूध आणायला खाली गेला आहे, तेवढ्यात लिहितो. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, म्हणून मी माणसांत आलो. माझ्या बहिणी शिकल्या. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. जिन्यात पावलं वाजताहेत. पुरे करतो."