मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं

खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायला गळा लागत नाही, हे मला ऑर्केस्ट्राने शिकवलं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव जिल्हाभर गाजत होतं. दिवाळीच्या सुट्टीत कोपरगावला आठ दिवसांचा मुक्काम, रोज दोन खेळ, रोज हाऊसफुल्ल. जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत 'गायिका' म्हणून मी एकटी. आणि बाईची गाणी म्हणायचा कोण? तर सूट घातलेला एक मिशीवाला बाप्या! डोक्यावरून रुमाल घेतला की त्याच्या गळ्यातून बाईचा आवाज निघायचा आणि लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. द्वंद्वगीतंही तो एकटाच दोन्ही आवाजांत म्हणायचा. मी शेजारी रेशमी साडी नेसून, पूजेत मांडलेल्या सुपारीसारखी.

त्याच्यावर माझा राग नव्हता, असं म्हणायचा मोठेपणा मला जमत नाही. होता. मालकावर त्याहून जास्त होता.

भाऊबीजेला दुपारी मालकाने फक्त बायकांसाठी खेळ ठेवला. माहेरी आलेल्या लेकींनी मांडव भरणार, हे त्याने बरोबर हेरलं होतं. "बायकांना बाईच लागते. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं तुमचं," तो मला म्हणाला. मी हुरळले आणि पारनेरला थोरल्या भावाला पत्र टाकलं. ऑर्केस्ट्रात गेले म्हणून आबांनी, आमच्या वडिलांनी, मला दोन वर्षं घराचा उंबरा बंद केला होता. त्यांच्याजवळ माझ्यासाठी शब्द टाकेल असा दादा एकटाच होता.

तो एसटीने आला, पिशवीत आईने गुपचूप दिलेल्या करंज्या घेऊन. पण बायकांच्या खेळाला पुरुषाला आत कोण सोडणार? मी म्हटलं, "दादा, बाहेर कर्णा लावलाय, त्याच्याखाली थांब. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं माझं हाय."

मध्यंतर झालं. मी पदर सारखा करून उठले, तोच फर्माइशीच्या चिठ्ठ्या आल्या आणि पाठोपाठ ओरडा. त्या रुमालवाल्याला बोलवा! बायकाच ओरडत होत्या, कडेवर पोरं घेऊन. मालकाने मला हाताच्या खुणेनेच खाली बसवलं. "उद्या बघू." महिनाभर मी घोटलेलं गाणं त्या बाप्याने रुमाल घेऊन म्हटलं, आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज मला अजून वाटते.

खेळ सुटल्यावर बाहेर आले, तर दादा कर्ण्याखाली उपरण्याने डोळे पुसत होता.

"लई ग्वाड गायलीस गं! मला वाटलं हुतं, ह्यो समदा चावटपणा आसंल. पर न्हाई. आबास्नी सांगतो, पोरीच्या गळ्यात देव हाय. मुक्काम संपला की घरला ये."

घरला ये. दोन वर्षं मी या दोन शब्दांची वाट पाहत होते. वाद्यांच्या रिकाम्या खोक्यावर त्याला बसवून ओवाळताना खरं सांगायला तोंड उघडलं.

"दादा..."

"काय गं?"

"काय न्हाई. करंजी खा."

मुक्काम संपल्यावर मी पारनेरला गेले. दादाने आपला शब्द पाळला होता. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, आबा दारातून बाजूला झाले आणि मी आत गेले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "तुजा भाऊ सांगतुय त्ये गानं म्हन बरं."

मी म्हटलं. डोळे मिटून, सगळा राग ओतून, शेवटच्या कडव्यापर्यंत. डोळे उघडले तेव्हा आबा दादाकडे पाहत होते आणि दादा जमिनीकडे.

"एसटीच्या धुरळ्यानं घसा बसलाय तिचा," दादा म्हणाला.

माझा घसा ठणठणीत होता. इतकं चांगलं मी त्याआधी कधीच गायले नव्हते.